मालवणच्या पाण्यात लाल रंग कुठे जातो?

नाशिककराला समुद्राचं काय कौतुक असतं, हे मुंबईकरांना नाही कळायचं. आपल्याकडे पाणी म्हणजे गोदावरी, गंगापूर धरणाचं बॅकवॉटर आणि त्र्यंबक रोडवरचा सावरकर जलतरण तलाव. मी पोहायला तिथेच शिकले. उन्हाळ्याच्या सुट्टीत सकाळच्या बॅचला डोकं पाण्याखाली घातलं, की तळाच्या फरशीवर उन्हाची एक जाळी हलताना दिसायची. सर शिट्टी मारेपर्यंत मी ती जाळी बघत बसायचे. पाण्याखालचा उजेड म्हणजे असाच असणार, स्वच्छ, निळा, तळ दाखवणारा, हे तेव्हाच डोक्यात पक्कं बसलं होतं.

मालवणला ते पार पुसलं गेलं!

झालं असं, की दत्तजयंती गुरुवारी आली होती. शुक्रवारची रजा टाकली, की चार दिवसांची मस्त सुट्टी. ऑफिसमधल्या मैत्रिणीने बेत ठरवला, ‘चल, स्कूबा करू.’ नाशिकहून पुण्या-कोल्हापूरमार्गे साडेपाचशेहून जास्त किलोमीटर. गुरुवारी रात्री उशिरा मालवणात पोचलो. सुरमईची थाळी, वर सोलकढी, आणि मग हातापायांना टकाटक लाल नेलपॉलिश. (पाण्याखालचे फोटो येणार होते ना!)

शुक्रवारी सकाळचा स्लॉट मिळाला नाही. आमची पाळी आली तेव्हा दुपारचे चार वाजत आले होते. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बाजूला होडी थांबली. फॉर्म भरून झाला, खुणा शिकवून झाल्या, पाठीवर सिलिंडर आलं. इन्स्ट्रक्टरने हात धरला आणि आम्ही खाली गेलो.

खाली काहीच नव्हतं. म्हणजे तळ नव्हता, मासे नव्हते, निळा रंग तर नावालाही नव्हता. मळकट हिरवा उजेड आणि त्यात तरंगणारे कण. हात लांब केला तर बोटं पुसट दिसायची. खोली किती, कळत नव्हतं. खाली काय आहे, तेही कळत नव्हतं. एरवी मी कशाला फार घाबरत नाही, पण त्या दिवशी छाती धडधडायला लागली आणि दोन मिनिटांत मी अंगठा वर केला. पाण्याखाली त्याचा अर्थ ‘छान’ असा नसतो, ‘मला वर जायचंय’ असा असतो.

होडीत आल्यावर माझी चिडचिड सुरू झाली. पैसे गेले, रजा गेली, सोमवारी ऑफिसात सांगायला एक फोटोसुद्धा नाही. होडीवाले काका शांतपणे दोरी गुंडाळत होते. म्हणाले, ‘आज पाणी गढूळ आसा. काल पुनव झाली मां. भांगाक येवा, मगे बघा.’

भांगाला या. म्हणजे काय, हे समजून घ्यायला मला दोन संध्याकाळी आणि बरंच वाचन लागलं. पण त्या एका वाक्यात किनाऱ्याच्या पाण्यातल्या उजेडाचं अर्धं शास्त्र होतं.

तिथी बघून डुबकी

पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास सूर्य आणि चंद्र एका रेषेत ओढतात आणि समुद्राला उधाण येतं. भरती जास्त चढते, ओहोटी जास्त उतरते. तेवढ्याच सहा तासांत जास्त पाणी आत-बाहेर होतं, म्हणजे प्रवाह जोरात. तळाची वाळू आणि गाळ ढवळून वर येतो. अष्टमीच्या सुमारास हीच ओढाताण काटकोनात होते, भरती-ओहोटीतला फरक कमी होतो आणि पाणी संथ राहतं. त्याला कोकणात भांग म्हणतात. आपण नाशिककर कालनिर्णय उघडतो ते उपासासाठी नाहीतर लग्नाच्या मुहूर्तासाठी. इथले लोक तिथीवरून पाण्याचा अंदाज बांधतात.

त्यात पुन्हा भरतीचं पाणी वेगळं आणि ओहोटीचं वेगळं. भरतीला बाहेरच्या समुद्रातलं, त्यातल्या त्यात स्वच्छ पाणी किनाऱ्याकडे येतं. ओहोटीला खाडीतलं पाणी गाळ आणि कुजलेल्या पानांचा अर्क घेऊन बाहेर पडतं. मालवणच्या दक्षिणेला देवबागजवळ कर्ली नदी समुद्राला मिळते, उत्तरेला गड नदीची खाडी आहे. दोन्हींचं पाणी याच पट्ट्यात येतं.

तिसरी गोष्ट वारा. शाळेतल्या भूगोलातले ‘खारे वारे’ आणि ‘मतलई वारे’ आठवतायत? पाच मार्कांची टीप असायची. रात्री जमीन लवकर थंड होते आणि वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, तो मतलई. सकाळी समुद्र म्हणूनच शांत असतो. दुपारी जमीन तापली, की समुद्राकडून खारा वारा सुटतो. उथळ पाण्यात त्याच्या लाटा तळापर्यंत पोचतात आणि गाळ पुन्हा वर.

आता आमचा शुक्रवार बघा. पौर्णिमेचा दुसरा दिवस, दुपारची ओहोटी, खारा वारा आणि कललेला सूर्य. चारही गोष्टी चुकीच्या. यात कुणी आम्हाला फसवलं नव्हतं. आम्हीच चुकीच्या दिवशी गेलो होतो.

कसारा घाटातलं धुकं

गढूळ पाण्यात नक्की काय होतं? पावसाळ्यात कसारा घाट उतरला असाल तर तुम्हाला माहीत आहे. दाट धुक्यात गाडीचा हाय बीम लावला तर रस्ता दिसण्याऐवजी समोर पांढरा पडदा उभा राहतो, कारण उजेड धुक्याच्या थेंबांवर आपटून आपल्याच डोळ्यांत परत येतो. पाण्यातला प्रत्येक कण हेच करतो. समोरच्या माशाकडून येणारा उजेड वाटेत विखुरतो आणि आजूबाजूचा भलताच उजेड मध्ये घुसतो. मासा काळोखात नसतो, तो फिका होत होत मागच्या हिरव्यात मिसळून जातो. म्हणूनच अशा पाण्यात कॅमेऱ्याचा फ्लॅश मारला, की फोटोत बर्फ पडल्यासारखे पांढरे ठिपके येतात.

हा गढूळपणा मोजायचं साधन गमतीदार आहे. १८६५ साली आंजेलो सेक्की नावाच्या इटालियन पाद्री-खगोलशास्त्रज्ञाने पोपच्या जहाजावरून पांढऱ्या तबकड्या समुद्रात सोडून बघितल्या. तबकडी दिसेनाशी झाली, की दोरी किती गेली ते मोजायचं. बस! आजही ‘सेक्की डिस्क’ जगभर वापरतात. आपल्याकडे पुराच्या वेळी ‘पाणी दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागलं का, छातीला लागलं का?’ असं विचारतात ना, तसाच हा प्रकार. डोळ्यांनी बघायचं आणि आकडा काढायचा. तबकडी जिथे नाहीशी होते त्याच्या साधारण दुप्पट ते तिप्पट खोलीपर्यंत पाण्यातल्या वनस्पतींना पुरेल इतका उजेड पोचतो, असा ढोबळ हिशेब आहे.

समुद्र निळा की हिरवा?

समुद्र निळा का, याचं उत्तर बराच काळ ‘आकाशाचं प्रतिबिंब’ असं दिलं जायचं. १९२१ मध्ये सी. व्ही. रामन इंग्लंडहून ‘नारकुंडा’ जहाजाने परत येत होते. भूमध्य समुद्राचा निळा रंग बघून त्यांना ते उत्तर पटेना. जवळच्या निकोल प्रिझममधून त्यांनी पृष्ठभागावरून परावर्तित होणारा उजेड कापून बघितला. निळाई गेली नाही, उलट जास्त खुलली. म्हणजे रंग पाण्याचा स्वतःचा होता. त्याबद्दलचं पत्र त्यांनी ‘नेचर’ला पाठवलं, त्यावर पत्ता होता मुंबई बंदराचा आणि तारीख २६ सप्टेंबर. प्रकाशाच्या विखुरण्यामागे ते तेव्हा लागले, १९२८ मध्ये रामन परिणाम सापडला आणि १९३० मध्ये नोबेल मिळालं.

पाण्याचे रेणू निळा उजेड जास्त विखुरतात, हे रामन यांनी दाखवलं. त्याच्या जोडीला दुसरं कारण आहे, ते म्हणजे पाणी लाल रंग गिळतं. अगदी शुद्ध पाण्यातही गडद लाल रंगाचा पाच मीटर खाली वीसातला जेमतेम एक हिस्सा उरतो. त्यानंतर नारिंगी जातो, मग पिवळा. निळा सगळ्यात लांब जातो. खोल, स्वच्छ समुद्र म्हणून निळा.

मग मालवणचं पाणी हिरवट का? कारण किनाऱ्याच्या पाण्यात इतर मंडळी असतात. सूक्ष्म वनस्पती, म्हणजे प्लवक, त्यांच्या हरितद्रव्यासाठी निळा आणि लाल असे दोन्ही उजेड खातात. कुजलेल्या पानांमधून, खारफुटीतून विरघळून आलेला पिवळसर अर्क (चहाची पिशवी पाण्यात राहिल्यासारखा) निळा उजेड शोषतो. लाल पाणीच खातं. मधला हिरवा तेवढा उरतो. स्वीडनच्या निल्स जर्लोव्ह यांनी समुद्राच्या पाण्याचे या उजेडावरून प्रकार पाडले. खुल्या समुद्राचे मोजके, पण किनाऱ्याच्या पाण्याला एकपासून नऊपर्यंत आकडे द्यावे लागले. खुला समुद्र बराचसा एकसारखा असतो, किनारा मात्र तासातासाला बदलतो.

आणि हो, यात आपलाही वाटा आहे! गोदावरी त्र्यंबकहून निघते आणि पूर्वेला बंगालच्या उपसागरात जाते, म्हणून आपल्याला वाटतं, अरबी समुद्राशी नाशिकचा काय संबंध? पण त्याच त्र्यंबकच्या डोंगरांतून वैतरणाही निघते आणि ती पश्चिमेला अरबी समुद्रात उतरते. आपल्या डोंगरावरची माती वाहून गेली, की तिकडच्या किनाऱ्याचं पाणी तेवढं काळोखं होतं. मालवणकडे येणाऱ्या नद्यांचं गणितही तेच. सह्याद्रीपासून समुद्र जवळ, उतार तीव्र, पाऊस धुवाधार.

दुसरी डुबकी

त्या महिन्याच्या शेवटच्या शनिवारी अष्टमी होती. मी पुन्हा गेले. खिशाला चाट बसली, बॉसने भुवया उंचावल्या आणि मैत्रीण म्हणाली, ‘वेडी आहेस का?’ पण एकदा घाबरून वर आलेलं मनात राहून गेलं होतं. नेलपॉलिश या वेळी मुद्दाम तेच लावलं.

रविवारी सकाळी दहा-अकराची वेळ. खारा वारा अजून सुटायचा होता. ओहोटीच होती, पण भांगाची, त्यामुळे पाण्याला ओढ फारशी नव्हती. होडीतून वाकून बघितलं तर खडकाची काळी कड दिसत होती. काका तेच, काही बोलले नाहीत, फक्त मान हलवली.

खाली गेले आणि आधी वर बघितलं. उथळ पाण्यातून वर बघितलं, की डोक्यावर एक उजळ गोल खिडकी दिसते आणि तिच्याबाहेर पाण्याचा पृष्ठभाग गडद आरशासारखा. बाहेरचं सगळं आकाश, क्षितिजापासून क्षितिजापर्यंत, प्रकाश वाकल्यामुळे साधारण ९७ अंशांच्या त्या गोलात बसतं. होडीची सावली त्या खिडकीच्या कडेला वाकडी होऊन डुलत होती.

मग खाली बघितलं, आणि ती जाळी! सावरकर तलावाच्या फरशीवरची जाळी इथे खडकावर हलत होती. पृष्ठभागावरची प्रत्येक छोटी लाट भिंगाचं काम करते, ऊन कुठे गोळा करते, कुठे पसरवते. वरच्या काही मीटरांत हे झगझग सगळ्यात जास्त असतं आणि एखाद्या ठिकाणी क्षणभर सरासरीच्या कितीतरी पट उजेड पडतो. जसजसं खाली जाल तशी जाळी विरत जाते. एक ढग सूर्यावरून गेला आणि कुणीतरी बटण बंद केल्यासारखी ती नाहीशी झाली. अर्ध्या मिनिटाने पुन्हा हजर.

काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे छोटे मासे झुंडीने फिरत होते. मास्कमुळे ते होते त्यापेक्षा एक तृतीयांश मोठे आणि जवळ वाटत होते. पाण्यातून मास्कमधल्या हवेत येताना उजेड वाकतो, म्हणून हात लावायला गेलं तर मासा नेहमी थोडा लांबच असतो. (हात लावू नकाच.)

सहा मीटरवर मी हात डोळ्यांसमोर धरला. नेलपॉलिश लाल नव्हतं. मळकट चॉकलेटी, जवळजवळ काळं. पण शेजारून गेलेल्या डायव्हरचे निऑन नारिंगी फिन्स मात्र दुकानात दिसतात तसेच झगमगत होते. कारण निऑन रंग फक्त बाहेरचा लाल-नारिंगी उजेड परत पाठवत नाही. तो निळा-हिरवा उजेड घेऊन त्याचा नारिंगी बनवतो. माझ्या नेलपॉलिशला ते जमत नाही. लाल उजेड खाली पोचलाच नाही, तर ते परत काय पाठवणार? बाजारात तांबूस दिसणारी तांबोशीसुद्धा खोल पाण्यात करडी दिसते आणि खडकाच्या सावलीत लपून जाते. तिच्यासाठी लाल असणं म्हणजे न दिसणं.

इन्स्ट्रक्टरने छोटा टॉर्च काढून माझ्या बोटांवर मारला. नखं लाल झाली. टॉर्च बंद, चॉकलेटी. चालू, लाल. मी पाण्याखाली हसले आणि मास्कमध्ये पाणी शिरलं. या वेळी घाबरले नाही. मास्क रिकामा करून तिथेच थांबले.

प्रवाळ उजेडावर जगतं

टॉर्च पुढे सरकला तेव्हा खडकावर पोळ्यासारख्या नक्षीचे गोळे दिसले. ते प्रवाळ. दिसायला दगड, पण प्राणी. त्याच्या शरीरात सूक्ष्म शैवालं राहतात, ती उन्हावर अन्न तयार करतात आणि बराचसा वाटा घरमालकाला देतात. म्हणजे प्रवाळाचं भाडं उजेडात येतं! पाणी काळोखं झालं, की भाडं थकतं. वर गाळ बसला तर तो झटकण्यातही ताकद जाते.

मालवणचं प्रवाळ म्हणूनच किनाऱ्यालगतच्या उथळ खडकांवर आहे, त्याला खाली जायला जागाच नाही. याच महाराष्ट्राच्या समुद्रात, विजयदुर्गापासून शंभरेक किलोमीटर आत, आंग्रे बँक नावाचं बुडालेलं पठार आहे, कान्होजी आंग्रे यांच्या नावाचं. तिथे वीस मीटर आणि त्याहून खोल पाण्यात प्रवाळ आहे. नद्यांचा गाळ इतक्या लांब पोचत नाही, पाणी नितळ आहे आणि ऊन तिथवर जातं. एकाच किनाऱ्याच्या दोन ठिकाणी प्रवाळाची खोली कुठवर, हे उजेड ठरवतो.

सिंधुदुर्ग आणि पद्मगडाच्या आजूबाजूचा पट्टा १९८७ मध्ये मालवण सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. क्षेत्र २९ चौरस किलोमीटरच्या आसपास. इथल्या कितीतरी घरांचा चरितार्थ आधी मासेमारीवर होता, आता त्याच्या जोडीला आपल्यासारख्या पर्यटकांवर आहे. आणि आपण काय करतो? फोटोसाठी प्रवाळावर उभे राहतो. फिन्सच्या एका फटक्यात तळाचा गाळ उडवतो आणि मागून येणाऱ्याला म्हणतो, ‘काही दिसत नाही यार!’ होडीचा नांगर खडकावर पडला, की कित्येक वर्षांची वाढ एका मिनिटात तुटते. पहिल्या दिवशी मीही हातपाय मारून भरपूर गाळ उडवला होता, हे आता लक्षात येतं.

परतताना काकांना विचारलं, तुम्ही कधी खाली जाऊन बघितलंत का? म्हणाले, लहानपणी मास्क नव्हता, नुसत्या डोळ्यांनी बघायचो, सगळं धूसर. (पाणी थेट डोळ्याला लागलं, की बुबुळाचं भिंगासारखं काम जवळजवळ बंद पडतं.) मग वरून सांगायला कसं जमतं तुम्हाला, आज दिसेल की नाही? त्यांनी होडीच्या कडेवरून वल्हं पाण्यात उभं धरलं आणि टोक कुठे दिसेनासं होतं ते बोटाने दाखवलं.

सेक्कीचं नाव त्यांना ठाऊक नसावं. मीही सांगितलं नाही. पुढच्या अष्टमीला आईला घेऊन येते म्हटलं. ती अजून गुडघ्याच्या वर पाण्यात गेलेली नाही.

जाण्यापूर्वी

कधी? पावसाळ्यात जलक्रीडा बंद असतात. पावसाळा संपून नद्यांचा गाळ बसल्यावर, साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. शक्यतो अष्टमीच्या आसपासचे दिवस निवडा. सकाळचा स्लॉट आधीच पक्का करा.

कसं? जवळचं रेल्वे स्टेशन कुडाळ, तिथून मालवण साधारण तीस किलोमीटर. गाडीने गेलात तर रात्रीचा घाट टाळा.

काय सांभाळाल? दमा, कानाचं दुखणं, सर्दी असेल तर फॉर्मवर लपवू नका. डुबकीनंतर लगेच घाट चढून परतणार असाल तर इन्स्ट्रक्टरला आधी विचारा, कारण आपलं नाशिक समुद्रापासून सुमारे सहाशे मीटर उंच आहे.

तिथे काय कराल? प्रवाळाला हात-पाय लावू नका, तळाला फिन्स लावू नका. पाणी गढूळ दिसलं तर दुसऱ्या दिवशीची वेळ मागा. आणि जमलं तर एका नखाला लाल नेलपॉलिश लावून जा. मुलांनीसुद्धा!